अंतोरा ते रोहा : शिडाच्या बोटीवर एक पाटी

"ती पाटी पान्यात पडली तं बोट वाट इसरंल का गो?"

अंतोऱ्याच्या धक्क्यावर मासळी निवडत बसलेल्या दोघींपैकी एकीने दुसरीला विचारलं. आवाज हळू नव्हता, पण मला ऐकवण्यासाठीही नव्हता. मी पायरीवर टॅबलेट, म्हणजे त्यांची 'पाटी', छातीशी धरून उभी होते. बोटीवर चढताना कोणत्या हाताने काय धरायचं, ते ठरत नव्हतं.

"बोट कशाला इसरंल?" दुसरी म्हणाली. "बोटीवर हिराजी हाय. पाटी पडली तं तीच रडत बसंल."

मी ऐकलंच नाही असा चेहरा केला. तो मला चांगला जमतो. आमच्या शाळेत मराठी बोलायला मनाई होती आणि सुट्टीत नातेवाईक माझ्या मराठीला हसायचे. दोन्हीकडून सुटण्याचा एकच मार्ग होता, गप्प राहायचं. पुढे ती सवय अंगात मुरली. पुण्यात, जिथे मी नोकरी करते, तिथे ती खपूनही जाते.

आमची लहानशी कंपनी छोट्या बोटींसाठी टॅबलेटवर चालणारा नकाशा बनवते. बोट कुठे आहे, पाणी किती खोल आहे, पुढे खडक आहे का, हे सगळं त्यात दिसतं. रोह्याच्या प्रभाकर सरांनी तो आमच्याकडून घेतला होता. सर धाटावच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांनी पेणच्या खाडीतला एक जुना मचवा, म्हणजे शिडाची मालवाहू बोट, विकत घेऊन डागडुजी केली होती आणि कुंडलिका नदीत पर्यटकांना शिडावर फिरवायचं ठरवलं होतं. अडचण एकच होती. रेवदंड्याच्या आत, रोह्याकडे जाणारी नदी आमच्या नकाशात नुसती निळी होती. खोलीचा एकही आकडा नाही, गाळाचा एकही उंचवटा नाही. तिथल्या खुणा फक्त बोट हाकणाऱ्या हिराजी तांडेलांना, सगळ्यांच्या काकांना, माहीत होत्या. म्हणून मला पाठवलं होतं. बोट अंतोऱ्याहून रोह्याला न्यायची, वाटेत काका सांगतील त्या जागा टॅबलेटवर नोंदवायच्या, आणि मग पाटीच्या भरवशावर बोट चालते का ते बघायचं.

चालली, तर काकांची गरज उरणार नव्हती. सरांनी हे त्यांच्यासमोरच सांगितलं होतं. "खुणा पाटीत आल्या की रोजच्या फेऱ्या नथू नेईल. तुम्ही आराम करा." मात्र रेवदंड्याच्या बोटवाल्यांनाही या खुणा हव्या होत्या, आणि आपल्या माणसांना नदी शिकवायला ते काकांना बोलावणार होते. अडुसष्टाव्या वर्षी काकांकडे एवढंच पुढचं काम होतं.

धरमतरची खाडी

जानेवारीची सकाळ होती. जोह्याच्या बाजूने येताना रस्त्याकडेच्या कारखान्यांत पांढरे, बिनरंगाचे गणपती ओळीने बसलेले पाहिले होते. गणपतीला अजून कितीतरी महिने होते. डोळे न आखलेल्या त्या मूर्ती मनातून जात नव्हत्या.

काकांनी ओंजळभर पाणी घेतलं, सुकाणाला लावलं, मग कपाळाला. आमच्या घरी प्रवासाला निघताना फक्त सीटबेल्टचा आवाज होतो. मी नजर दुसरीकडे वळवली. दुसऱ्याच्या श्रद्धेकडे टक लावून बघू नये आणि त्याबद्दल विचारू तर मुळीच नये, असं मला शिकवलेलं आहे. मी ते सभ्यतेचं समजत होते.

ओहोटीचं पाणी आणि जमिनीकडून येणारा मतलई वारा, दोन्ही एकाच दिशेला. शीड भरलं तेव्हा लाकडातून एक खोल आवाज आला आणि धक्का मागे सरकू लागला. इंजिन मागे होतं, पण बंद. दोन्ही बाजूंना खारफुटी, तिच्यामागे मातीचे लांब बांध, बांधांमागे खारेपाटातली भाताची रिकामी शेतं आणि मधूनच मिठागरांचे चौकोन. बांधावरून सायकल चालवणारा माणूस आमच्यापेक्षा उंचावरून जात होता. शेतं खाडीच्या पाण्यापासून बांधानेच राखली आहेत, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि खाडीत बसून मान वर करून सायकल बघणं वेगळं.

नथू हा बोटीवरचा दुसरा माणूस, चाळिशीचा. तो नदीकाठच्या वाडीतला. मोसमात भातकापणीला जातो, एरवी बोटीवर. त्याने माझ्यासाठी शिडाच्या सावलीत पोतं घातलं आणि म्हणाला, "बाय, हितं बस. दोरीत पाय नको घालू, दोरी कुनाची नसते."

दुपारी टॅबलेट तापून काळा पडला. आधी खाऱ्या बोटांनी तो वेडा झालाच होता. नकाशावरची आमची बोट एकदा शेतात शिरली, एकदा अलिबागच्या रस्त्यावर. मी तो पंच्यात गुंडाळून वारा घालत बसले.

"काय झालं गो?" काका.

"गरम झालाय. बंद पडला."

"ऊन लागलं. नथ्या, कांदा फोड. हुंगव तिला."

नथू खरंच कांदा घेऊन आला. मला हसू आलं, पण मी ते ओठांत धरलं. काकांनी ते पाहिलं असावं, कारण त्यानंतर मी काही न विचारताही ते मला सांगू लागले.

जेवण काकूंनी बांधून दिलेलं. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं आणि सुक्या जवळ्याची चटणी. भाकरी हातावर, तिच्यावरच बिरडं. ताट नाही, चमचा नाही. आमच्याकडे जेवताना प्रत्येकाचा डोळा आपल्या फोनवर असतो. इथे तिघांचे डोळे शिडावर होते. जेवतानाही काकांचा एक हात सुकाणावरून निघाला नाही.

संध्याकाळी रेवसच्या अलीकडे नांगर टाकला.

खांदेरी ते रेवदंडा

दुसऱ्या दिवशी खुला समुद्र. धुक्यात किनारा पुसट झाला होता. खांदेरीच्या आसपास टॅबलेटवर खडकाची खूण दिसली. मी धीर करून तो काकांपुढे धरला. त्यांनी डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं.

"बरोबर हाय खडक. हिला कुनी सांगितला?"

"सरकारी जहाजं मोजणी करतात. खोली मोजतात, मग नकाशा काढतात."

"म्हंजी कुनीतरी पान्यावर आलं व्हतं." त्यांनी मान हलवली. "मंग ठीक. मला वाटलं, वरूनच बघून लिवतात."

त्या एका वाक्याने मला माझ्या कामाबद्दल पहिल्यांदा अभिमान वाटला. दुपारी वारा मागून आला. अलिबागचा किल्ला डावीकडून सरकत गेला. किनाऱ्यावरून नेहमी पाठमोरा वाटणारा तो किल्ला आमच्याकडे तोंड करून उभा होता. काका वाट कशी बघतात, तेही हळूहळू कळू लागलं. देवळाचं शिखर माडांच्या एका झुबक्यामागे गेलं की वळायचं. पाण्याचा रंग चहासारखा झाला की दूर राहायचं. बगळा पाण्यात उभा असेल तर त्याच्या गुडघ्याकडे बघायचं.

"बगळा पाटीत येतो का गो?" नथूने विचारलं.

"नाही."

"मंग अर्धी नदी र्‍हायलीच."

कुंडलिका

तिसऱ्या दिवशी दुपारी भरती लागली तशी आम्ही रेवदंड्याहून आत शिरलो. साळावच्या पुलाखालून जाताना शीड उतरवलं. डोलकाठी पुलाखालून सुटली तेव्हा तिच्यात आणि काँक्रीटमध्ये हातभरच अंतर होतं. त्यानंतर नकाशावरचे आकडे संपले आणि निळा रंग उरला. माझं खरं काम आता सुरू झालं.

काकांनी कमरेची लहान पिशवी सोडून मांडीवर ठेवली. तिच्यात तांदूळ होते.

पुढचे तीन तास असे गेले. काका बोलता बोलता गप्प व्हायचे. डोक्यावरची टोपी काढायचे. चिमूटभर तांदूळ पाण्यात सोडायचे. नथूही वल्ह्याचा किंवा भांड्याचा आवाज करायचा नाही. भरती बोटीला पुढे नेत राहायची. मग केव्हातरी, वळण घेतल्यावर किंवा एखादं झाड मागे पडल्यावर, काका टोपी घालून सांगायचे, "लिव बाय. सोनाराची पेटी. डाव्या अंगानं जायाचं. मधी गाळ."

मी लगेच पडद्यावर बोट टेकवायचे. त्या क्षणी मचवा असेल त्या जागी लाल ठिपका उमटायचा. मी नाव टाइप करायचे.

म्हातारीची चूल. रखमाचा बांध. दोन भाऊ. सगळी मिळून अकरा नावं. प्रत्येक नावामागे कोणीतरी बुडालं होतं, हे काकांनी सांगितलं. दोन भाऊ मीठ भरलेल्या मचव्यासह गेले, ते काकांच्या वडिलांच्या लहानपणी. तेव्हा शिडाचे मचवे रोह्याजवळच्या अष्टमी गावापर्यंत यायचे. मचवा अजून तिथेच आहे आणि त्याच्याभोवती गाळ धरून उंचवटा झाला आहे.

तांदूळ मी पाहत होते. गप्प होणंही पाहत होते. बघणं हेच मला येतं. पण का, ते विचारलं नाही. मनात मी त्याला 'प्रथा' असं नाव देऊन बाजूला ठेवलं आणि 'माहिती' तेवढी टॅबलेटमध्ये घेतली.

अष्टमीच्या अलीकडे नांगर टाकला तेव्हा दूर पुलावरून धाटावच्या शिफ्टच्या बस जात होत्या. काकांनी टॅबलेट मागून घेतला. निळ्या नदीवरचे अकरा ठिपके बोट न लावता, वरच्या वर मोजले.

"आता मी मेलो तरी चालंल," ते म्हणाले. नथूने लगेच "काय बी बोलता तांडेल" म्हणून त्यांना दटावलं. पण ते दुःखाने बोलले नव्हते.

परीक्षा

चौथ्या दिवशी पाटीच्या भरवशावर नदीने खाली, रेवदंड्याकडे, जायचं होतं. भरती पुरी भरली की निघू, म्हणजे पायाखाली पाणी भरपूर राहील, असं काकांचं म्हणणं. पण सर आले तेच साडेअकराला, पेढे आणि हार घेऊन. बोटीला हार घालून, फोटो काढून निघेपर्यंत ओहोटी निम्म्यावर आली होती.

"काका, आज तुम्ही पाहुणे," सर म्हणाले. "पुढे बसा. बोलायचं नाही. आज पाटीची परीक्षा. इंजिन पण नाही, फक्त शीड."

सुकाण नथूकडे. मी त्याच्या शेजारी टॅबलेट घेऊन. काका नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून. वारा पडत आला होता. ओहोटीच नेत होती आम्हाला.

पहिल्या ठिपक्याला मी डावीकडे म्हटलं, नथू डावीकडे गेला, आणि आम्ही सुरळीत पार झालो. सरांनी टाळी वाजवली. दुसराही पार झाला. तिथे नदी रुंद होती आणि पाणी खोल. चूक लपायला भरपूर जागा होती, हे नंतर कळलं.

'दोन भाऊ'चा ठिपका आला. आम्ही त्याच्या कडेने गेलो. ठिपका मागे पडला. मी नथूला म्हटलं, "आता मध्ये घ्या."

काका उभे राहिले. त्यांनी डावा हात लांब केला.

"काका, बसा," सर म्हणाले.

काकांनी टोपी काढली. हात पुन्हा डावीकडे केला, जोरात. तोंडातून शब्द नाही.

"अहो, बसा म्हणतोय ना! मॅडम, पाटी काय म्हणते?"

"मोकळं आहे," मी म्हणाले. मी पाटीकडे बघत होते.

घासल्याचा आवाज आधी पायांना कळला. मग बोट थांबली आणि पाणी मात्र जात राहिलं. ओहोटीने मागची बाजू फिरवली, खाली काहीतरी कठीण लागलं आणि सुकाण मोडल्याचा आवाज झाला. त्याच्या झटक्याने नथूचं मनगट चिरलं. मी ओढणी बांधली.

सरांनी आधी इंजिन चालू करून पाहिलं. नुसता चिखल उडाला. भरती येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ संध्याकाळपर्यंत, आता इथेच.

पाणी उतरू लागलं. बोट हळूहळू एका कुशीवर कलली. तासाभराने चिखलातून एकेक काळी बरगडी वर आली. जुन्या मचव्याची लाकडं, हाताच्या अंतरावर. आमचं सुकाण त्यांच्यातच अडकलं होतं.

मी काकांजवळ सरकले. "काका, हेच का ते..."

त्यांनी तळहात वर करून मला थांबवलं. नुसती होकाराची मान हलवली. मग पिशवीतले तांदूळ सोडले.

मी नथूकडे गेले. "काका सांगत का नाहीत?"

"हितं नाव घेत नाय," तो कुजबुजला. "निजलेल्याच्या उशाशी हुभं र्‍हाऊन त्याला हाक मारशील का गो तू? जागा मागं टाकायची, मंग बोलायचं. आमी सगलीच तसं करतो."

"पण मग काल..." एवढं म्हणून मी थांबले. टॅबलेट उघडला. लाल ठिपका आमच्या मागे होता, नदीच्या वरच्या अंगाला, तीन-चारशे मीटर. काल आम्ही वर जात होतो. काका जागा ओलांडून, वळण घेऊन मग नाव सांगत होते. आणि मी, नाव कानावर पडताच, बोट असेल तिथे ठिपका टेकवत होते. अकराच्या अकरा ठिपके असेच सरकलेले होते.

"काकांना वाटलं असेल की..."

"त्यांला वाटलं, पाटीला समजतं. ते मागच्या जागेचं बोलतात, तं पाटी मागचंच लिवनार. मला बी तसंच वाटलं." त्याने बांधलेल्या मनगटाकडे पाहिलं. "मी सरांला सांगितलं असतं. पन सुकाण माझ्या हातात व्हतं. त्यांला वाटंल, मी माझीच चूक झाकतो. माझं कोन ऐकतंय?"

सर कललेल्या फळीवर उभं राहून काकांशी बोलत होते. मोठ्याने नाही, त्यामुळे जास्त वाईट वाटत होतं.

"काका, मी तुम्हाला काय कमी केलं होतं? खुणा द्यायच्या नव्हत्या तर नाही म्हणायचं. खोट्या कशाला दिल्या? काम जाईल म्हणून? उद्या या बोटीवर लहान मुलं बसली असती."

काका ऐकत होते. टोपी हातात. ते तिथे बोलू शकत नव्हते आणि सरांना त्या गप्पपणाचा एकच अर्थ लागत होता. मला दुसरा अर्थ माहीत होता. भरतीला अजून तीन तास होते. तोवर ते असेच उभे राहिले असते.

मी मनात वाक्यं जुळवू लागले. आधी इंग्रजीत, मग मराठीत. कंपनीला आधी कळवावं का? उद्या लिहून पाठवावं का? लिहून नीट मांडता येईल. पुण्याला जाऊन, शांतपणे. प्रत्येक वाक्य तयार झालं की मी त्यात एक दुरुस्ती करत होते. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. नदीच्या काठाने एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन गेली. थांबून तिने कललेल्या बोटीकडे पाहिलं आणि पुढे गेली.

सरांनी फोन लावला. समोरचा आवाज मलाही ऐकू येत होता. तो रेवदंड्याच्या बोटवाल्यांचा पुढारी होता.

"हां, मी प्रभाकर. तुमच्या लोकांना शिकवायला आमचे हिराजी तांडेल येणार होते ना? त्यांच्याबद्दलच बोलायचंय. मला वाटतं, तुम्ही..."

काकांनी पहिल्यांदा मान खाली घातली.

मी उठले. बोट तिरकी होती. धरायला डोलकाठीशिवाय काही नव्हतं. मी टॅबलेट फळीवर ठेवून दोन्ही हातांनी काठी धरली.

"सर, फोन ठेवू नका," मी म्हणाले. मला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. "त्यांना सांगा, काकांच्या खुणा खऱ्या आहेत. जागा मागे पडल्याशिवाय काका तिचं नाव घेत नाहीत. मी ते तीन तास बघत होते आणि एकदाही विचारलं नाही. नाव ऐकलं तिथे ठिपका टाकत गेले. अकराही ठिपके माझ्यामुळे चुकलेत. मघाशी काका हात करत होते तेव्हा 'मोकळं आहे' असं मीच म्हणाले. चूक माझी आहे, सर. फोन माझ्याकडे द्या, मी सांगते त्यांना."